दोन इंच खाली

खाली बसवलेल्या गाडीचा पुढचा टायर समोरून पाहिला तर ठणठणीत दिसतो. नक्षी शाबूत, बाहेरची कडही शाबूत. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, वाकून चाकाच्या आतल्या अंगाला हात फिरवला की मग खरी स्थिती कळते. आतली दोन बोटं रुंदीची पट्टी गुळगुळीत झालेली असते, आणि दुर्लक्ष जास्त झालं असेल तर रबराखालची तार बोटाला टोचते. टायरवाले अशा वेळी ‘गाडी टायर खातेय’ म्हणतात. मालकाला वाटतं टायरच हलका निघाला, म्हणून तो दुसऱ्या कंपनीचा टायर घालतो. काही महिन्यांनी त्याचीही तीच गत होते.

रत्नागिरीत हे मे महिन्यातच ध्यानात यायला हवं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि चाकाखालचं पाणी बाजूला सारण्याचं काम टायरच्या खाचांना करावं लागतं. या खाचा किमान 1.6 मिलिमीटर खोल असाव्यात असा आपल्या नियमांचा दंडक आहे. टायरच्या मधल्या भागात त्या पाच मिलिमीटर आहेत आणि आतल्या पट्टीत शून्य, अशी गाडी वरवरच्या तपासणीत सुटते. ओल्या वळणावर मात्र ती सुटत नाही.

स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवणारी तरुण मंडळी अलाइनमेंट करून घेत नाहीत असं अजिबात नाही. बहुतेक जण करून घेतात, त्याची पावतीही दाखवतात. तरीही टायर झिजतो, कारण कामाचा क्रम चुकलेला असतो. स्प्रिंग बसवताना कोणता बोल्ट गाडी कुठे असताना आवळला, यावर अलाइनमेंटचं निम्मं यश ठरतं. शिवाय कोणतंही अलाइनमेंट एका ठरावीक उंचीचं आणि ठरावीक भाराचं असतं. उंची बदलली की जुनी मापं रद्द झाली. या दोन गोष्टी नीट समजल्या तर साध्या सामग्रीवरही काम उत्तम होतं, आणि समजल्या नाहीत तर महागातलं थ्रीडी मशीनही उपयोगाचं नाही.

आधी उंची बदलल्याने चाकाचे कोन का बदलतात ते पाहू.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. आधी जनरल मोटर्स आणि मग फोर्डमध्ये असताना त्याने ही रचना घडवली, आणि 1950 साली इंग्लंडमध्ये निघालेल्या फोर्ड कॉन्सुल व झेफिर या गाड्यांमुळे तिचा बोलबाला झाला. आपल्याकडे ती सर्वसामान्य माणसाच्या दारात आली डिसेंबर 1983 मध्ये, मारुती 800 बरोबर. त्याआधीच्या प्रीमियर पद्मिनीला पुढच्या चाकामागे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म होते. मॅकफर्सनने वरचा आर्म काढूनच टाकला. शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक उभा खांब केला, त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला जखडलं आणि खालचं टोक हबच्या नकलला घट्ट बोल्ट केलं. खाली एकच आर्म राहिला, लोअर आर्म. सुटे भाग कमी झाले, खर्च कमी झाला, इंजिन आडवं बसवायला जागा मिळाली.

हा लोअर आर्म आतल्या टोकाला बुशमध्ये फिरतो आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. गाडी खाली आली की बॉडीच्या हिशेबाने चाक वर जातं, आणि बॉल जॉइंट एका वर्तुळाच्या कमानीवरून वर सरकतो. मूळ उंचीवर आर्म बाहेरच्या बाजूला थोडा खाली झुकलेला असतो. तो आडवा होईपर्यंत बॉल जॉइंट बाहेर ढकलला जातो. खांबाचं वरचं टोक जागच्या जागी आणि खालचं टोक बाहेर, म्हणजे चाकाचा माथा आत कलणार. हाच उणे कॅम्बर. तीस-चाळीस मिलिमीटर खाली आलेल्या छोट्या गाडीत तो गाडीगणिक अर्ध्या अंशापासून एक अंशापर्यंत वाढलेला आढळतो.

आर्म आडव्याच्या पलीकडे गेला की गणित उलटतं. आता चाक आणखी वर गेलं तर बॉल जॉइंट आत येऊ लागतो आणि कॅम्बर कमी होत जातो. म्हणून फार खाली बसवलेली स्ट्रटची गाडी उभी असताना रेसच्या गाडीसारखी दिसते, पण वळणावर बाहेरचं चाक नेमकं जेव्हा आत कलायला हवं तेव्हाच ते बाहेर कलू लागतं. त्यात आणखी एक भर पडते. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर स्ट्रटच्या गाडीत बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढतं, आणि तितकाच कडक स्प्रिंग ठेवला तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते. ‘खाली बसवली म्हणजे वळणाला पकड वाढली’ हे विधान फक्त पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरपुरतं आणि योग्य कडकपणाच्या स्प्रिंगसहच खरं आहे.

टायर झिजण्याचं खापर नेहमी या कॅम्बरवर फुटतं, कारण तो डोळ्यांना दिसतो. खरा गुन्हेगार बहुधा टो असते, आणि ती दिसत नाही. चाकांची पुढची टोकं आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. स्टेअरिंग रॅकपासून चाकापर्यंत जाणारा टाय रॉडही स्वतःच्या कमानीवर फिरतो. त्याची लांबी आणि फिरण्याचा मध्य लोअर आर्मपेक्षा वेगळा असतो. कारखान्याने ठरवलेल्या उंचीच्या आसपास या दोन कमानी जवळजवळ बरोबर चालतात, तिथून दूर गेलं की फाकतात. मग टाय रॉड चाकाला आपल्या बाजूला ओढतो किंवा लोटतो. पुढची चाकं बहुतेक गाड्यांत टो-आउटकडे जातात, काहींत उलटही होतं. त्यामुळे अंदाजावर काही ठरवू नये, मोजावं.

टोच्या चुकीचा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबू. चौदा इंची रिमचा व्यास सुमारे 356 मिलिमीटर. दोन्ही चाकं मिळून 3 मिलिमीटर टो-आउट झाली, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर आलं. 356 ला दीड, म्हणजे हजाराला चारहून थोडं जास्त. गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक चार मीटरहून जास्त कडेला खरवडत गेलेलं असतं. रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत कोल्हापूर सुमारे 130 किलोमीटर. तेवढ्या प्रवासात टायर अर्ध्या किलोमीटरहून जास्त आडवा घासला जातो. आता चाकाचा माथा आत कललेला असल्यामुळे हा सगळा घासा आतल्या पट्टीवर एकवटतो. कॅम्बर जागा दाखवतो, झिजवण्याचं काम टो करते. टो नेमकी लावलेली असेल तर एक ते दीड अंशाचा उणे कॅम्बर टायर बऱ्यापैकी सोसतो. हे एकदा पटलं की कॅम्बर शून्यावर आणायच्या हट्टापायी हजारो रुपये घालवायची गरज उरत नाही.

टो कुठल्या बाजूला चुकली आहे हे तळहाताने कळतं. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून हात बाहेरून आत फिरवा आणि मग आतून बाहेर. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो-इन जास्त आहे. बाहेर येताना गुळगुळीत आणि आत जाताना खरखरीत, तर टो-आउट. रबराच्या ठोकळ्यांच्या कडा एकाच दिशेने धारदार होत जातात त्याची ही खूण. हजारभर किलोमीटरमध्येच ती उमटते, टायर वाया जाण्याच्या कितीतरी आधी.

तिसरा कोन कॅस्टरचा. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहिल्यावर किती मागे रेललेला आहे, तो हा कोन. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं, त्यात याचा मोठा वाटा. चारही बाजूंनी गाडी सारखी खाली आली तर कॅस्टर फारसा हलत नाही. पण बरेच जण पुढची बाजू जास्त खाली घेतात, कारण पुढच्या चाकावरची पोकळी डोळ्यांत भरते. 2018 च्या स्विफ्टची पुढच्या-मागच्या चाकांतली लांबी 2450 मिलिमीटर. पुढची बाजू मागच्यापेक्षा 40 मिलिमीटर जास्त खाली घेतली की अख्खी गाडी जवळजवळ एक अंश पुढे झुकते आणि तेवढाच कॅस्टर कमी होतो. हायवेला गाडी भरकटल्यासारखी वाटते, चालक उगाच स्टेअरिंग सांभाळत राहतो. बहुतेक छोट्या गाड्यांत कॅस्टर लावायची सोयच नसते. उपाय एकच, पुढची आणि मागची बाजू मूळच्याच प्रमाणात खाली घेणे.

मागच्या चाकांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि गाडीगाडीतला खरा फरक तिथेच आहे. स्विफ्टसारख्या गाडीला मागे टॉर्शन बीम असतो. दोन्ही चाकं एकाच आडव्या सांध्याभोवती मिळून वर-खाली होतात, त्यामुळे गाडी खाली आली तरी मागचा कॅम्बर आणि टो नगण्य बदलते. टाटा इंडिकाची गोष्ट वेगळी. 1998 मध्ये पुण्यात तयार झालेल्या आणि पुढे कोकणात टॅक्सी म्हणून सर्रास धावलेल्या या गाडीला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म आहेत. त्यांच्या फिरण्याचा अक्ष तिरपा आहे, म्हणून चाक वर गेलं की त्याचा माथा आत कलतो आणि टोही बदलते. माणसं आणि सामान भरलेली इंडिका मागून पाहिली तर चाकं वरून आत झुकलेली दिसतात ती याचमुळे. अशी गाडी रिकामी असतानाच दोन इंच खाली आणणं म्हणजे तिला कायम भरलेल्या अवस्थेत चालवणं. खाली बसवायची हौस असेल तर आधी आपल्या गाडीला मागे काय आहे ते वाकून पाहावं. टॉर्शन बीमची गाडी मागे फार कमी बिघडते.

आता प्रत्यक्ष काम. गॅस कटरने स्प्रिंगचं एक वेटोळं कापून गाडी खाली करणारे अजूनही भेटतात. त्या उष्णतेने कापाजवळच्या पोलादाचा पाणीदारपणा जातो. कापलेलं टोक खालच्या सीटमध्ये नीट बसत नाही, आणि गाडी जॅकवर उचलली किंवा खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं की आखूड झालेला स्प्रिंग जागचा हलू शकतो. शिवाय सहा चालू वेटोळ्यांतलं एक गेलं की उरलेला स्प्रिंग सुमारे 20 टक्के कडक होतो, आणि शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाचा राहतो. या मार्गाने बसवलेल्या गाडीचं अलाइनमेंट करणं मला मुळातच मान्य नाही. डावी-उजवी उंचीच सारखी येत नाही, तर कोन सारखे कुठून येणार? त्या गाडीसाठी बनवलेलेच आखूड स्प्रिंग घ्यावेत, आणि जुने शॉकअप तेल सोडत असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत.

नवे स्प्रिंग बसवण्यापूर्वी सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांची उंची लिहून ठेवावी. जमिनीपासून नको, कारण टायरची हवा कमी-जास्त असली की ते माप फसवतं. हबच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजावं. काम झाल्यावर पुन्हा मोजलं की गाडी किती उतरली आणि चारही बाजूंना सारखी उतरली का, हे आकड्यांत समोर येतं.

यानंतरचा टप्पा सगळ्यांत जास्त चुकतो. लोअर आर्मचे बुश म्हणजे आतली लोखंडी नळी, बाहेरचं लोखंडी कडं आणि मधे चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला जखडली जाते. आर्म हलतो तेव्हा ती फिरत नाही, रबर पिळलं जातं. गाडी रॅम्पवर, चाकं खाली लोंबलेली, अशा स्थितीत हा बोल्ट आवळला तर रबराची मोकळी अवस्था त्या लोंबलेल्या स्थितीची ठरते. गाडी खाली ठेवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते आर्मला खाली लोटत राहतं, गाडी काही मिलिमीटर वरच टेकते, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. मग गाडी आणखी खाली बसते आणि त्या दिवशी केलेलं अलाइनमेंट आपोआप बिघडतं. म्हणून बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढची-मागची बाजू दाबून हलवायची, चार पावलं मागे-पुढे ढकलायची, आणि मग खड्ड्यात उतरून किंवा चाकांवर उचलणाऱ्या रॅम्पवर टॉर्क पान्याने आवळायचे. टॉर्शन बीमच्या पुढच्या बोल्टांनाही हाच नियम लागू. मेकॅनिकला हे आधीच सांगावं. काम झाल्यावर विचारलं तर ‘हो, केलं’ एवढंच उत्तर मिळतं.

मग गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालू द्यावी. नवे स्प्रिंग आणि वरचे माउंटिंग रबर थोडे बसतात. या दिवसांत टो पार बिघडलेली असू शकते, म्हणून स्प्रिंग घातल्या दिवशी एकदा ढोबळ टो लावून घ्यावी आणि पक्कं अलाइनमेंट नंतर करावं. दोनदा पैसे मोजायला कुरकुर होते खरी, पण एका टायरच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

किनाऱ्यावरच्या गाड्यांची आणखी एक अडचण आहे, ती घाटमाथ्यावरच्या माणसाला चटकन सुचत नाही. टाय रॉड एंडच्या लॉकनटला खारा वारा लागतो. मिऱ्या, मांडवी, भाट्ये अशा भागांत बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तो नट आणि त्याचे आटे गंजून एकजीव होतात. अलाइनमेंटवाला पाना लावतो, डावीकडचा सुटतो, उजवीकडचा सुटत नाही. मग तो सगळी दुरुस्ती डाव्या टाय रॉडवरच करतो. दोन्ही चाकं मिळून टोचा आकडा बरोबर येतो, स्क्रीनवर हिरवं दिसतं, आणि स्टेअरिंग मात्र तिरपं राहतं. याला साधा इलाज म्हणजे ठरल्या दिवसाच्या चार-पाच दिवस आधीपासून आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारत राहणं. तरी सुटला नाही तर टाय रॉड एंड नवाच घालावा. रॉड फिरवताना रॅकचं रबरी बेलो पिळलं जातं, त्याची क्लिप आधी सैल करायला सांगावी. ते फाटलं की आत पावसाचं पाणी शिरतं, आणि मग रॅकचाच खर्च निघतो.

अलाइनमेंट केंद्रात गेल्यावर काय मागायचं? एक तर चालकाच्या सीटवर वजन. गाडीत तुम्ही बहुधा एकटे बसत असाल तर पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं आणि एखादी दहा-पंधरा किलोची पिशवी ठेवली तरी पुरे. टायरची हवा गाडी थंड असताना चारही चाकांत कंपनीच्या आकड्याप्रमाणे. रिमवर क्लॅम्प लावल्यावर गाडी मागे-पुढे ढकलून रनआउट काढणं, म्हणजे रिमच्या किंवा क्लॅम्पच्या वाकडेपणाची वजावट करणं, हा टप्पा गाळू द्यायचा नाही. आणि दुरुस्तीआधीची व नंतरची अशी दोन्ही मापं छापून घ्यायची.

त्या कागदावर मागचा कॅम्बर किंवा पुढचा कॅम्बर लाल दिसला म्हणून घाबरू नये. मशीनमधली मर्यादा कारखान्याच्या उंचीची असते, तुमची गाडी त्या उंचीवर नाही. बघायचं ते असं: डावा-उजवा कॅम्बर आणि कॅस्टर यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको, कारण फरकाने गाडी एका बाजूला ओढते. पुढची टो शून्याच्या अगदी जवळ किंवा किंचित इन, दोन्ही चाकांना सारखी वाटलेली. मागच्या टोच्या असमानतेतून निघणारा थ्रस्ट अँगल शून्याच्या जवळ. तो बिघडलेला असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि पुढची टो कितीही लावली तरी स्टेअरिंग सरळ येत नाही. टॉर्शन बीमच्या गाडीत तो सुधारायला बीम आणि स्टब अॅक्सल यांच्यात पातळ शिम घालता येतात. पुढचा कॅम्बर दीड अंशाच्या पलीकडे गेला असेल तर स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या वरच्या बोल्टऐवजी विकेंद्री कॅम्बर बोल्ट घालून तो अंशभर मागे आणता येतो. कॅम्बर हलवला की टो हलते, म्हणून कॅम्बर आधी, टो शेवटी.

चाचणी घेताना रस्त्याचा उतार विसरू नये. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेला दोन-अडीच टक्के उतार दिलेला असतो, त्यामुळे धडधाकट गाडीही हात सोडला की हळूहळू डावीकडे जाते. ‘गाडी ओढते’ असं म्हणण्याआधी एखाद्या सपाट, रिकाम्या पटांगणात पाहावं.

ज्यांना मशीनवर भरवसा ठेवायचा नाही, किंवा जे स्वतः मोजून पाहू इच्छितात, त्यांच्यासाठी रत्नागिरीत लागणारं सगळं सामान हाताशी आहे. मिरकरवाडा बंदराजवळ मिळणारी तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी, ताणली की डगमगत नाही, म्हणून ती सुतळीपेक्षा चांगली. गाडीच्या दोन्ही बाजूंना घोड्यांवर, हबच्या मध्याच्या उंचीवर एकेक तंगूस ताणून बांधायची. दोन्ही तंगूस एकमेकींना समांतर हव्यात, म्हणजे गाडीच्या पुढे आणि मागे त्यांच्यातलं अंतर सारखं. पुढच्या हबपासून डावी-उजवी अंतरं सारखी, मागच्या हबपासूनही सारखी. पुढच्या आणि मागच्या अंतरांत फरक राहील, तो चालतो, कारण दोन्हीकडे चाकांतली रुंदी वेगळी असते. आता स्टीलच्या पट्टीने रिमच्या पुढच्या कडेपासून तंगुसीपर्यंत मोजा आणि मागच्या कडेपासूनही. पुढचं अंतर जास्त तर चाक आत वळलेलं, टो-इन. कमी तर टो-आउट. पट्टीवर अर्धा मिलिमीटर ओळखता येतो आणि तेवढी अचूकता पुरेशी आहे. टाय रॉडची पाव फेरी फिरवली की त्या चाकाची टो साधारण एक मिलिमीटर हलते.

कॅम्बरला गवंड्याचा ओळंबा. तो टायरच्या फुगीर भागाला न टेकता रिमसमोर लोंबता ठेवायचा, आणि रिमची वरची कड व खालची कड दोरीपासून किती लांब ते मोजायचं. चौदा इंची रिमला 6 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक अंश. मात्र त्याआधी चारही चाकांखालची जमीन समपातळीत हवी. गवंडी पातळी काढायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन ती तपासावी. डाव्या-उजव्या चाकाखाली एक सेंटिमीटरचा फरक असेल तर कॅम्बरच्या मापात जवळजवळ 0.4 अंशाची चूक शिरते. पुढच्या चाकांखाली दोन गुळगुळीत फरश्या, मधे ग्रीस, अशी जोडी ठेवली की जॅकवरून उतरल्यावर चाकं अडकून न राहता आपल्या जागी सरकतात.

एवढं सगळं करून गाडी किती खाली घ्यावी, याचं रत्नागिरीसाठी माझं उत्तर 25 मिलिमीटर, फार तर 30. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, 17 मीटर त्रिज्येच्या कमानीचा. चाकांमधलं अंतर 2450 मिलिमीटर असलेली स्विफ्ट त्याच्यावर पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांनी चढते, त्यामुळे पोटाखालची फक्त साडेचार सेंटिमीटर जागा खर्च होते. पण गावोगावी आडवे घातलेले हातभर रुंदीचे उंचवटे दोन चाकांच्या मधे सापडतात आणि पूर्ण उंचीने पोटाला भिडतात. कंपनी सांगते ते त्या स्विफ्टचं ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर. त्यातून चाळीस गेले, गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन मुंबईहून येताना आणखी तीन-चार सेंटिमीटर गेले, की दहा सेंटिमीटरच्या अरुंद उंचवट्याला उरतं काय? त्याच भाराने मागचे बम्प स्टॉप टेकलेले असतात, स्प्रिंगचं काम बंद पडलेलं असतं, आणि प्रत्येक खड्डा थेट लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि रिमला बसतो. कोन मग एका रात्रीत बदलतात. भरलेल्या गाडीचं नाक वर उठतं, म्हणून हेडलाइटचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. खाली बसवल्यावर तो पुन्हा लावून घ्यायलाच हवा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटर वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं, अपघातानंतर नव्हे.

पक्कं अलाइनमेंट झाल्यावर हजार किलोमीटरने एकदा टो पाहावी, आणि दरवर्षी पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, सगळं पुन्हा मोजावं. सुरुवात मशीनपासून नको. आधी चारही चाकांची हबपासून फेंडरपर्यंतची उंची घ्यावी आणि स्प्रिंग बसवल्यावर लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहावी. एका बाजूला पाच मिलिमीटरहून जास्त फरक पडला असेल तर टाय रॉडला पाना लावण्याआधी त्या बाजूचं वरचं माउंटिंग रबर आणि लोअर आर्मचे बुश तपासावेत.